एका कादंबरीला आलेली मागणी

"वाचायचं काही राहिलं असेल तर एक-दोन महिन्यांत उरकून घ्या," असं डोळ्यांचे डॉक्टर वहिनींना म्हणाले आणि पुढच्या पेशंटसाठी त्यांनी घंटी वाजवली. डॉक्टर तसे वाईट नव्हते. दिवसभर माणसांना हेच सांगत बसायचं म्हटल्यावर कुणाचाही आवाज तिकिटाच्या खिडकीतल्या माणसासारखा होतो. वहिनींच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग मरत चालला होता. त्यावर औषध नव्हतं, ऑपरेशन नव्हतं, होती ती फक्त फी. कडेकडेनं दिसत राहील, म्हणजे दार दिसेल, दारात माणूस उभा आहे हेही दिसेल. त्याचं तोंड दिसणार नाही, आणि छापील अक्षर तर विसराच, असं डॉक्टरांनी कागदावर एक गोल काढून समजावलं. वहिनींना तो गोल नीटसा दिसला नाही.

बरोबर त्यांचे धाकटे दीर गेले होते. उभी हयात ऑडिट खात्यात दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेल्यामुळे सोसायटीत त्यांना सगळे बिनचूककाका म्हणत. हे कौतुकानं म्हणतात असा काकांचा समज होता आणि तो दूर करायच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं. थोरला भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली होती, वहिनींना मूलबाळ नव्हतं, तेव्हा दवाखाना, बँक, लाइटबिल हे सगळं काकाच बघत.

बसस्टॉपवर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, माझी कादंबरी कुठे मिळाली तर बघाल का? नवी छापून नको, झेरॉक्स नको. जुनी प्रत. कुणीतरी वाचलेली."

काकांना वाटलं, बाई काटकसरीच्या, नव्याचा खर्च नको म्हणत असतील. ते म्हणाले, "एवढंच ना?" आता, आजवर ज्या ज्या कामाला माणसानं "एवढंच ना" म्हटलंय, त्या कामानं त्या माणसाची काय गत केली, ह्याचं एकदा ऑडिट व्हायला हवं. पण काकांना ते सुचलं नाही. आठवड्यात आणून देतो, असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं.

कादंबरीचं नाव 'पाण्याची वेळ'. वहिनींनी ती तरुणपणी स्वयंपाकघरात बसून लिहिली होती. एक बाई, तिच्या घरी नळाला दिवसातून एकदा पाणी येतं, त्या वेळेला तिनं घरी असायचंच, आणि अशी तिची सगळी जिंदगी नळाशी बांधलेली, एवढंच काकांना ऐकून माहीत होतं. प्रकाशक मोठा हौशी होता. तो नुकताच परदेशात फिरून आला होता आणि तिथं म्हणे दर्दी वाचकाला पानं न कापलेलं पुस्तक देतात. छापलेल्या मोठ्या कागदाच्या घड्या घालून पुस्तक शिवतात, मग कडा कापतात, तेव्हा पानं सुटी होतात; तर ह्यानं कडा कापल्याच नाहीत. वाचकानं आरामखुर्चीत बसावं, हातात सुरी घ्यावी आणि एकेक पान उलगडत रसास्वाद घ्यावा. आपल्या माणसांना सुरी घेऊन पुस्तक वाचायची सवय नाही. लोकांना वाटलं, माल सदोष आहे. त्यांनी पुस्तकं दुकानात परत केली, दुकानदारांनी प्रकाशकाकडे परत केली, प्रकाशकानं वैतागून सगळी कागदाच्या लगद्याला पाठवली. एका समीक्षकानं मात्र परीक्षण लिहिलं. कथन पाचव्या पानावरून थेट आठव्या पानावर झेप घेतं, ही शैली मराठीत धाडसाची आहे, असं त्यानं म्हटलं होतं. बापड्याकडे सुरी नसावी.

तर ही कादंबरी बाजारातून का गेली, ह्याचं कारण हे. वाचून नावडली असती तर एक वेळ परवडलं असतं. ती उघडलीच गेली नव्हती.

काकांनी सुरुवात नातेवाइकांपासून केली, कारण वहिनींनी तेव्हा प्रत्येकाला एकेक प्रत सही करून दिली होती. "आहे की," असं झाडून सगळे म्हणाले. मामेभाऊ म्हणाला, आमच्या शोकेसमध्येच आहे, रोज दिसते. काका दोन बस बदलून गेले तर शोकेसमध्ये टेलिफोन डिरेक्टरी होती, तिला छान कव्हर घातलेलं. चुलतबहिणीनं खरं ते सांगितलं. कपाटाचा एक पाय आखूड होता, त्याखाली ती कादंबरी बरोबर बसली होती, अगदी मापात. पुढे कपाट विकलं तेव्हा घेणाऱ्यानं कादंबरीही नेली, कारण तिच्याशिवाय कपाट डुगडुगत होतं. काकांनी त्या घेणाऱ्याचा पत्ता विचारला, तेव्हा बहीण म्हणाली, आता इतकी वर्षं कपाट नीट उभं असेल तर तू कशाला लोकांच्या घरात लुडबुड करतोस.

मग काकांनी बाजाराकडे मोर्चा वळवला, आणि इथे त्यांचं ऑडिट खातं आडवं आलं. तीन दरपत्रकं आल्याशिवाय टाचणीसुद्धा खरेदी करायची नाही, हा नियम त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना पाळायला लावला होता. कोर्टाच्या मागच्या गल्लीत जुन्या पुस्तकांची दुकानं होती. काका दर दुकानात गेले, प्रत्येकाकडे लेखी दर मागितला, आणि दुसऱ्या दुकानदाराचा दर खरा की खोटा हे पडताळायला सोसायटीचे सेक्रेटरी, वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक आणि तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई ह्यांना वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या दुकानांत धाडलं. प्राध्यापकांनी सल्ला दिला होता की गरज आहे असं अजिबात दाखवायचं नाही. त्यामुळे ते दुकानात शिरत, अर्धा तास छताकडे बघत, आणि निघताना दारातून म्हणत, "ते 'पाण्याची वेळ' वगैरे काही असतं का तुमच्याकडे? नसलं तरी चालेल." असं कुणी म्हटलं की दुकानदाराचे कान उभे राहतात. सेक्रेटरींनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, तिथून ते शेजारच्या सोसायटीत गेलं, आणि ज्यांनी जन्मात दुकानातून पुस्तक घेतलं नाही अशी माणसं भाजी आणायला जाता-येता गल्लीत डोकावून कादंबरीची चौकशी करू लागली.

गल्लीत खुर्ची एकाच दुकानदाराकडे होती, म्हणून त्याला सगळे खुर्चीवाला म्हणत. महिनाभरानं काका त्याच्याकडे गेले तर तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला की साहेब, ह्या कादंबरीला सध्या भयंकर मागणी आहे. पंधरा-वीस माणसं विचारून गेली. एक गृहस्थ तर असे की मुद्दाम छताकडे बघत होते, म्हणजे बाहेरगावचे मोठे संग्राहक असणार. दर रोज चढतोय. काकांनी विचारलं, प्रत आहे का? तो म्हणाला, प्रत कुणाकडेच नाही, दर आहे.

ती मागणी म्हणजे आपणच, हे काकांच्या लक्षात यायला बस घरापर्यंत पोचावी लागली. त्यांनी ग्रुपवर लिहिलं की कृपया यापुढे कुणीही चौकशी करू नये. त्यावर बारा अंगठे आले, आणि दुसऱ्या दिवशी लोक गल्लीत जाऊन सांगून आले की ती कादंबरी आता नको, म्हणून. हे ऐकून दर आणखी चढला, कारण ज्या अर्थी एवढे लोक एकदम 'नको' म्हणतात त्या अर्थी ती कुणाला तरी मिळाली असणार.

मधल्या काळात वहिनींच्या डोळ्यांचं काम ठरल्याप्रमाणे चाललं होतं. सरकारी काम असतं तर थोडा तरी उशीर झाला असता. काका एका संध्याकाळी गेले तर त्या चहा गाळत होत्या आणि निम्मा चहा ओट्यावर जात होता. काकांनी फडकं आणलं. वहिनी म्हणाल्या, "कपाच्या कडा दिसतात हो. कपच कुठे आहे ते कळत नाही." मग त्यांनी विचारलं, मिळाली का. काका म्हणाले, जवळपास मिळाल्यात जमा आहे. ऑडिटवाल्या माणसानं असं वाक्य बोलावं, ह्याची त्यांना घरी येईपर्यंत लाज वाटत होती.

आता राहिलं सार्वजनिक ग्रंथालय. तिथल्या कॉम्प्युटरवर कादंबरी 'उपलब्ध' दिसत होती. कादंबऱ्यांच्या कपाटात नव्हती. नावामुळे कुणीतरी ती पाणीपुरवठ्याच्या तांत्रिक पुस्तकांत टाकली असेल, असं म्हणून ग्रंथपालांनी ते कपाटही बघायला लावलं. पंप, व्हॉल्व्ह, गटारांचे उतार हे सगळं होतं, कादंबरी नव्हती. काकांनी रीतसर तक्रार केली. ती जेव्हा वर गेली, तेव्हा वरून विचारणा आली की पुस्तक गेलं कुठे, आणि ग्रंथपालांनी नोंदी तपासून प्रामाणिकपणे कळवलं की सदर पुस्तकाची आजतागायत एकाच इसमानं चौकशी केलेली आहे. तो इसम म्हणजे काका. ज्या पुस्तकाला कुणी हात लावला नाही, त्याची चोरी झाली तर संशय कुणावर घ्यायचा, हा ग्रंथालयापुढे साधा सरळ प्रश्न होता. काकांना बोलावून समोर बसवलं, पाणी दिलं आणि पुस्तक गुपचूप परत केलंत तर नाव बाहेर येऊ देणार नाही, असं समजुतीच्या सुरात सांगितलं.

काकांनी आयुष्यात पेन्सिलीचं टोकसुद्धा ऑफिसचं घरी आणलं नव्हतं. त्यांचा आवाज चढला, आणि तेच त्यांच्या विरुद्ध गेलं. शेवटी असं ठरलं की काकांवर आरोप ठेवायचा नाही, पण त्यांचं सभासदत्व चौकशी संपेपर्यंत थांबवायचं, आणि ग्रंथालयानं बाजारभावानं दुसरी प्रत विकत घेऊन कपाटात ठेवायची. म्हणजे गल्लीत आता एक खरं गिऱ्हाईकही उभं राहिलं.

प्रकाशक कधीच वारला होता. त्याचा मुलगा त्याच ऑफिसात परीक्षांची गाइडं छापत असे. तो फार नम्र होता. वहिनींचं नाव ऐकून तो उठून उभा राहिला आणि वडिलांनी अशी माणसं छापली ह्याचा आम्हाला अभिमान आहे, म्हणाला. पुन्हा छापता येईल का, असं विचारल्यावर तो खाली बसला. हक्क धाकट्या भावाकडे आहेत आणि भावाशी बोलणं नाही. बोलणं झालं तरी करार सापडायला हवा. करार सापडला तरी लेखिकेनं निम्म्या प्रती स्वतः घ्यायला हव्यात. काका म्हणाले, बाईंची दृष्टी चालली आहे, तेवढा वेळ नाही. तो हळहळला. मग म्हणाला की त्या गेल्यावर मात्र नक्की विचार करता येईल, तेव्हा थोडी मागणी असते. तो हे मनापासून, मदत करायच्या भावनेनं म्हणाला, म्हणून काकांना त्याच्यावर ओरडताही आलं नाही.

आणि मग खुर्चीवाल्याचा फोन आला. एका रद्दीच्या लिलावात पोतं घेतलं होतं, त्यात निघाली.

काका धावत गेले. खुर्चीवाल्यानं हात पुसले, प्लास्टिकच्या पिशवीतून कादंबरी काढली आणि लहान बाळाचं टोपरं काढावं तशी हलक्या हातानं वरची पिशवी बाजूला केली. प्रत कोरी होती. कडा बंद, एकही पान कापलेलं नाही, आणि पहिल्या पानावर लेखिकेच्या हातची शाई. त्यानं सांगितलेला आकडा ऐकून काकांना खुर्ची लागली, तेव्हा तो उठला आणि त्यानं ती दिली.

"वाचलेली मिळणार नाही का?" काकांनी विचारलं.

"वाचलेली असती तर पाव किमतीत दिली असती," खुर्चीवाला म्हणाला. "किंमत वाचलेली नाही ह्याचीच आहे, साहेब. आणि खरं सांगू का, ह्या कादंबरीची वाचलेली प्रत मी बघितलीच नाही. असेल असं वाटत नाही."

काकांनी पहिलं पान उघडलं. वहिनींचं अक्षर त्यांनी लगेच ओळखलं. 'माझ्या पहिल्या वाचकास', खाली सही आणि तारीख. ही दादांची प्रत होती. दादा, म्हणजे काकांचे थोरले भाऊ, कुठल्याही बैठकीत कादंबरीचा विषय निघाला की खणखणीत आवाजात म्हणायचे, "मी तीनदा वाचलीय," आणि वहिनी शेजारी बसून खाली बघायच्या. काकांना तेव्हा वाटायचं, लाजतात. ते बराच वेळ त्या बंद कडांवरून अंगठा फिरवत बसले. पहिल्या घडीलासुद्धा सुरी लागलेली नव्हती. कुणीतरी वाचलेली प्रत, असं वहिनी का म्हणाल्या होत्या, ते त्यांना त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. त्यांना दादांचा इतका राग आला की माणूस मेलेला आहे ह्याचाही राग आला.

काकांच्या स्वयंपाकघराचा ओटा फुटून वर्ष होत आलं होतं आणि त्यासाठी ठेवलेले पैसे बँकेत होते. ते काढून काकांनी प्रत घेतली. घरी आल्यावर काकूंना सांगायला त्यांनी तीन वेगवेगळी वाक्यं तयार केली होती, ती तिन्ही एकदम बाहेर आली.  काकूंनी पुस्तक हातात घेतलं, पहिलं पान वाचलं, कडांना बोट लावलं, आणि मग म्हणाल्या की ही त्यांना अशी द्यायची नाही. काकूंनाही तेव्हा एक प्रत मिळाली होती. पानं चिकटलेली दिसली म्हणून त्यांनी ती दुकानात बदलून विणकामाचं पुस्तक घेतलं होतं. हे सांगताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

मग दोघांनी मिळून त्या महागड्या कादंबरीची अब्रू घ्यायला सुरुवात केली. कांदे चिरायच्या सुरीनं पहिलं पान कापताना ते अर्धं फाटलं. तेव्हा काकूंनी लोण्याची बोथट सुरी आणली. भर दुपारी टेबलावर वर्तमानपत्र पसरून काका पानं कापत होते आणि काकू वाचलेलं पुस्तक कसं दिसतं ते सांगत होत्या. काही पानांचे कोपरे दुमडायचे, पण सगळ्यांचे नाहीत. एका पानावर कपाचा गोल उठवायचा. एका पानात बसचं तिकीट ठेवायचं. पन्नासाव्या पानाच्या पुढे पाठीचा कणा जरा मोडायचा. एवढी मेहनत करून खोटा वाचक उभा करण्यापेक्षा खरा शोधणं सोपं गेलं असतं, असं कुणालाही वाटेल. पण तो काका दोन महिने शोधतच होते.

शेवटी पेन्सिलीच्या खुणा राहिल्या. काका पेन्सिल घेऊन बसले आणि घोडं पेंड खायला लागलं. चार ठिकाणी खुणा करायच्या, उठायचं, एवढंच काम. पण न वाचता कागदावर खूण करणं त्यांच्या हाताला माहीत नव्हतं. त्यासाठी त्यांनी एकेकाळी दोन माणसांना निलंबित करवलं होतं. तेव्हा त्यांनी पहिली ओळ वाचली, मग दुसरी, आणि सवयीनं बारीक बरोबरची खूण करत पुढे सरकले. सातव्या पानावर त्यांना पहिली चूक सापडली. नायिकेच्या घरी पाणी सकाळी येतं म्हटलंय, इथे ती दुपारी बादल्या भरते आहे. काकांचा चेहरा निवृत्तीनंतर पहिल्यांदा उजळला. त्यांनी समासात लिहिलं, 'वेळेत तफावत. खुलासा व्हावा.'

त्यानंतर ते कुणाच्या हाती लागेनात. दूध उतू गेलं, लिफ्टच्या मीटिंगला गेले नाहीत, सेक्रेटरी दोनदा बेल वाजवून गेले. काकू जेवायला हाक मारत आणि ते म्हणत, थांब, तिच्या सासऱ्यांचं काय झालं ते लेखिकेनं कुठेच दाखवलेलं नाही. एका दुपारी मात्र ते पेन्सिल खाली ठेवून नुसतेच बसलेले दिसले. काकूंनी विचारलं तर म्हणाले, काही नाही, इथे आक्षेप घेण्यासारखं काही नाही. मग चष्मा पुसायला उठले.

ह्याच सुमारास खुर्चीवाला धापा टाकत घरी आला. ग्रंथालयानं खरेदीचा हुकूम काढला होता आणि काकांनी दिलेल्या पैशांच्या दीडपट द्यायला तो तयार होता. काकूंनी आतून ओट्याकडे एकवार बघितलं. काकांनी कादंबरी त्याच्या हातात दिली. त्यानं ती उघडली, कापलेल्या कडा पाहिल्या, चहाचा गोल पाहिला, समासातली काकांची बारीक अक्षरातली वाक्यं पाहिली, आणि तो खाली बसला. ही आता रद्दी आहे, असं तो म्हणाला. असं कुणी केलं, असं त्यानं विचारलं. काका म्हणाले, वाचकानं.

पण हे सगळं होईपर्यंत दिवस गेले ते गेले. काका कादंबरी घेऊन वहिनींकडे पोचले तेव्हा दार उघडून वहिनींनी त्यांच्या खांद्याच्या जरा बाजूला बघून विचारलं, "कोण?"

काकांना आपलं नाव सांगावं लागलं. आत जाऊन बसल्यावर त्यांनी पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं. वहिनींनी चष्मा लावला नाही. चष्मा कुठे दिसतही नव्हता. त्यांनी मुखपृष्ठावरून हात फिरवला, मग कडांवरून बोटं नेली, आणि बोटं तिथेच थांबली.

"पहिल्या पानावर काय लिहिलंय?"

"काही नाही," काका म्हणाले.

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही, भाऊजी. उगाच शिकू नका ह्या वयात. 'माझ्या पहिल्या वाचकास' असं आहे. कव्हरच्या ह्या कोपऱ्याला तेव्हाच बाक आला होता, हाताला लागला." त्या जरा थांबल्या. "हे गेल्यावर मीच ती रद्दीत घातली. कपाटात तशीच्या तशी सापडली. तीनदा वाचलेली."

 वहिनींची बोटं पुन्हा कडांवरून गेली, खालून वर, वरून खाली.

"आता कापलेली लागते आहे. कुणी कापली?"

"मी."

"कशाला?"

"तुम्ही म्हणाला होतात, वाचलेली हवी."

"म्हणजे खोटी."

"सुरुवातीला खोटीच होती," काका म्हणाले. मग त्यांनी खाकरून घसा साफ केला. "एकूण एकेचाळीस आक्षेप निघालेत, वहिनी. त्यातले काही किरकोळ आहेत."

वहिनी ताठ बसल्या. रागावल्या असाव्यात असं काकांना वाटलं, आणि त्या खरोखरच रागावल्या होत्या. कसले आक्षेप, म्हणाल्या. काकांनी सातवं पान काढलं आणि पाण्याच्या वेळेतली तफावत वाचून दाखवली. तफावत बिफावत काही नाही, म्हणाल्या. पाणीखात्यानं वेळ बदलली होती, दुसऱ्या प्रकरणात नोटीस लागल्याचं लिहिलंय, नीट वाचत चला. काकांनी दुसरं प्रकरण काढलं. नोटीस होती. त्यांनी खोडून टाकलं. मधला भाग फार रेंगाळला आहे, असं काकांनी म्हटलं, तेव्हा वहिनी दहा मिनिटं तावातावानं बोलत होत्या, आणि शेवटी, रेंगाळलाय खरा, म्हणाल्या. सासऱ्यांचं काय झालं ते त्या विसरूनच गेल्या होत्या, ते कबूल करून हसल्या. दुपार उतरली, खोलीत अंधारून आलं, दिवा लावायचं वहिनींना कळलं नाही आणि काकांना सुचलं नाही. ते पान डोळ्यांजवळ नेऊन वाचत होते.

"शेवटचा आक्षेप," ते म्हणाले. "शेवटच्या पानावर ती नळ सुरू ठेवून घरातून निघून जाते. पाणी वाहतंय. कादंबरी संपली. नळ कुणी बंद केला, ह्याचा खुलासा नाही."

वहिनींनी मान खिडकीकडे वळवली. काकांना वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. ते खोडायला लागले.

"खोडू नका," वहिनी म्हणाल्या. "हे कुणीतरी विचारावं म्हणून तर लिहिली होती."

"मग कुणी केला बंद?"

"कुणीच नाही, भाऊजी. नवरा घरातच आहे. पाण्याचा आवाज येतोय म्हणजे ती आहे, असं त्याला वाटतंय."

काकांनी पेन्सिल खिशात ठेवली.  वहिनींनी चाचपत पुस्तक त्यांच्या हातून घेतलं, पहिलं पान असेल असं वाटलं तिथे उघडलं, आणि परत त्यांच्याकडे दिलं.

"आता पहिल्यापासून वाचा," त्या म्हणाल्या. "आणि एवढ्या मोठ्यानं नको. मला दिसत नाही, ऐकू येतं."